बोर्ड बदलला: जुनंच विंडोज ठेवावं की नवं टाकावं?

मावसभावाने नवा मदरबोर्ड आणि प्रोसेसर घेतलाय, एसएसडी मात्र जुनीच. आता अडलाय: आहे तेच विंडोज चालवू की सगळं पुसून नवं टाकू?

वेळेच्या बाबतीत जुनं ठेवणं सरळ जिंकतं. विंडोज १० आणि ११ नवं हार्डवेअर ओळखून बहुतेक वेळा आपोआप सुरू होतात. एक्सपीच्या काळातली निळ्या स्क्रीनची धास्ती आता तितकीशी नाही. नवं टाकणं पटकन होतं, पण नंतर प्रिंटर, टॅली, पासवर्ड यांत दिवस जातो.

भरवशात नवं पुढे. जुन्यात मागच्या बोर्डाचे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) आणि पंखे-लाइटांची सॉफ्टवेअरं रेंगाळतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर बोर्ड काढण्याआधी तो थांबवा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर कुलूप बघत बसाल. डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची, म्हणजे एमबीआर असेल, तर फक्त यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली, मशीन सुरू करणारी नवी पद्धत) चालवणारा बोर्ड तिच्यावरून बूट होणार नाही. विंडोजमधलंच एमबीआरटूजीपीटी टूल ती डेटा न पुसता नव्या जीपीटी मांडणीत बदलतं, तरी बॅकअप घ्याच.

खर्च? लायसन्सचा प्रश्न दोन्हीकडे तोच. रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं, मशीनसोबत आलेलं ओईएम नाही. पुसून टाकल्याने यात काही बदलत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

दुकानाचा हिशेब, कामाची सॉफ्टवेअरं असतील तर जुनंच ठेवा. मशीन आधीपासून रखडत असेल किंवा फक्त गेम आणि ब्राउझर असेल, तर नवं टाका. लिनक्सवाल्यांनी डिस्क लावून बघावी. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात.