गेम व्हीएफएक्सच्या नावाखाली सिनेमाचा कोर्स: फी भरण्याआधी शोरील इंजिनात उघडायला लावा

‘गेम व्हीएफएक्स शिका, नोकरीची हमी’ अशी जाहिरात वाचून मुलं भरमसाट फी भरतात आणि काही महिन्यांनी लक्षात येतं, शिकवलं ते गेममधले आग, धूर, स्फोट असे इफेक्ट (व्हीएफएक्स) बनवणं नव्हतंच. फसवणूक एका ठरावीक पद्धतीने होते, म्हणून ती आधी ओळखता येते.

शिकवतात आफ्टर इफेक्ट्स आणि न्यूक ही व्हिडिओवर इफेक्ट चढवायची सॉफ्टवेअर, रोटो (फ्रेममधली आकृती कापून वेगळी काढणं), ग्रीन स्क्रीन. चांगली कौशल्यं आहेत, पण सिनेमाची. सिनेमात एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे अंतिम चित्र तयार व्हायला, तास लागला तरी चालतो. गेम 60 एफपीएसवर (सेकंदाला 60 फ्रेम) चालवायचा तर अख्ख्या फ्रेमला 16.6 मिलिसेकंद मिळतात, त्यातच कॅरेक्टर, लाइटिंग, सावल्या सगळं बसवायचं. गेम ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनतो आणि चालतो त्याला इंजिन म्हणतात; अनरियल आणि युनिटी ही अशी इंजिनं. गेमसाठी यायला हवीत ती त्यांतली इफेक्ट बनवायची साधनं: अनरियलमधलं नायगारा किंवा युनिटीतली पार्टिकल सिस्टीम आणि व्हीएफएक्स ग्राफ, सोबत शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा कोड), आणि टेक्स्चर (इफेक्टवर लावायची चित्रं) बनवायला हुडिनी किंवा एम्बरजेन ही सॉफ्टवेअर. अनरियलच्या नावाखाली फक्त कॅस्केड शिकवत असतील तर ती जुनी सिस्टीम आहे. नवं काम नायगारात होतं.

डेमो क्लासला त्यांच्याच शोरीलमधला (कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओतला) एखादा स्फोट निवडा आणि तो इंजिनात उघडून दाखवायला सांगा. नुसता व्हिडिओ पाहून उठू नका. खऱ्या फाइलमध्ये चमक, आग, धूर, ठिणग्या, उडणारे तुकडे यांचे वेगवेगळे एमिटर (कण सोडणारे भाग) दिसतात. धूर बहुधा फ्लिपबुकचा, म्हणजे एकाच चित्रातल्या चौकटी ओळीने दाखवून हलवलेला असतो: 2048 पिक्सेलचं टेक्स्चर, 8×8 चौकटी, म्हणजे 64 फ्रेम आणि प्रत्येक फ्रेम 256 पिक्सेलची. आता म्हणा, ‘धुराचं लाइफटाइम दुप्पट करा.’ तेवढेच 64 फ्रेम दुप्पट वेळात चालतात आणि धूर झटके देत हलतो. मग फ्रेम ब्लेंडिंग (एक फ्रेम दुसरीत मिसळणं) किंवा मोशन व्हेक्टर (फ्रेममधल्या हालचालीची दिशा सांगणारी माहिती) लावावे लागतात. ज्याने इफेक्ट स्वतः बनवलाय तो ही दुरुस्ती तिथल्या तिथे करून दाखवतो. ज्याने नाही, तो ‘हे पुढच्या मॉड्यूलमध्ये येतं’ म्हणतो.

पुढे शेडर कॉम्प्लेक्सिटी व्ह्यू लावायला सांगा; कुठला भाग काढायला किती जड पडतो ते तो रंगात दाखवतो. हिरवं म्हणजे स्वस्त, लाल महाग, पांढरं हाताबाहेर गेलेलं. धुराचे पारदर्शक थर एकाच पिक्सेलवर पुन्हा पुन्हा रंगवले जातात, त्याला ओव्हरड्रॉ म्हणतात. मोबाइलवर गेम अडखळण्याचं हे मोठं कारण. हा विषय ज्या अभ्यासक्रमात नाही, तो गेमचा अभ्यासक्रमच नाही.

दुसरा खड्डा विद्यार्थ्यांच्या शोरीलचा. काही ठिकाणी फॅब या ऑनलाइन बाजारातले इफेक्टचे तयार पॅक देऊन रंग बदलून घेतात. गेममध्ये विकतचा पॅक परवान्यानुसार वापरणं योग्यच आहे, पण शोरीलमध्ये तो ‘माझं काम’ म्हणून दाखवणं वेगळं. मुलाखत घेणारे आर्टिस्ट ते पॅक ओळखतात, आणि एकाच बॅचच्या पाच मुलांकडून तोच स्फोट आला की पाचही अर्ज बाजूला पडतात. मुलांना कारणही कळत नाही. याचाच आम्हाला सगळ्यात जास्त राग येतो.

पैशांची बाजू तर आणखी वाईट. ‘नो कॉस्ट ईएमआय, रजिस्ट्रेशनसाठी फक्त ओटीपी सांगा’ म्हणतात आणि त्या ओटीपीवर विद्यार्थ्याच्या किंवा पालकांच्या नावावर कर्ज निघतं. पैसे क्लासला मिळून जातात, क्लास बंद पडला तरी हप्ता चालू राहतो. रागाने हप्ता थांबवला तर सिबिल स्कोअर तुमचाच घसरतो. म्हणून क्लास आणि कर्ज देणारी कंपनी, दोघांनाही आधी लेखी तक्रार करा, मग ग्राहक हेल्पलाइन 1915. कर्ज कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. कर्ज नुकतंच निघालं असेल तर करारातला कूलिंग-ऑफ कालावधी आधी बघा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

शिकायला सुरुवात करायची तर अनरियल, युनिटी पर्सनल आणि हुडिनी अप्रेंटिस फुकट मिळतात. अनरियल बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या कंटेंट एक्झाम्पल्स प्रोजेक्टमध्ये नायगाराचे तयार नमुने आहेत. ते उघडून एकेक एमिटर बंद-चालू करून पाहा. फी भरलीच, तर ‘हमी’वाल्या जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. करारात ‘हमी’च्या जागी बहुतेक वेळा ‘प्लेसमेंट असिस्टन्स’, म्हणजे नोकरी शोधायला मदत, एवढंच लिहिलेलं असतं.