ॲरो नदीवर टोकन घेऊन फ्लाय फिशिंग

वेल्सच्या डोंगरांत उगम पावून हिअरफर्डशरमध्ये लग नदीला मिळणाऱ्या ॲरोसारख्या लहान प्रवाहांवर फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळाला कृत्रिम माशी लावून मासेमारी करण्याची, संधी देणारी ‘वाय अँड अस्क फाउंडेशन’ या नदीसंवर्धन संस्थेची टोकन-व्यवस्था मला मनापासून आवडली. टोकने आधी विकत घ्यायची आणि नदीच्या ज्या पट्ट्यात मासे धरायचे त्यासाठी लागतील तेवढी तिथल्या पेटीत टाकून पाण्यात उतरायचे, इतके ते सोपे आहे; सरकारी रॉड लायसन्स (गळाने मासेमारीचा परवाना) मात्र वेगळे काढावेच लागते.

आल्डरच्या फांद्या पाण्यावर इतक्या झुकलेल्या असतात की तीन नंबरच्या हलक्या लाइनची (दोरीची) सात फुटी काठीच येथे कामाची. ट्राउट बहुधा वीतभराचीच, पण वाहत्या पाण्यात कृत्रिम माशीवर ती क्षणात झडप घालते. चब या इथल्या दुसऱ्या माशाची रीत निराळी आहे. विलोच्या झाडांखालच्या संथ डोहातून तो काळ्या भुंगेऱ्यासारख्या माशीखाली येतो, तिच्यासोबत हातभर वाहत जातो आणि मग आपले रुंद, पांढरे तोंड सावकाश उघडतो. ते मिटेपर्यंत काठी न उचलण्याचा संयम अंगी बाणायला मला दोन हंगाम लागले.

दोन्ही मासे एकाच दिवशी हवे असतील, तर १६ जून ते ३० सप्टेंबर हाच काळ निवडावा, कारण तेव्हाच दोघांचीही मासेमारी खुली असते. काठावर कमरेइतके नेटल हे दाहक झुडूप माजते आणि त्याचा दाह खाजकुइलीची आठवण करून देतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच जावे.