नाशिकच्या शालिमारच्या बोळातलं जुन्या पुस्तकांचं दुकान, फक्त कोणते विष्णू पाहिजेत ते नीट सांगा

माझा भाचा सातवीत आहे, नाव विष्णू, आणि ते त्याला अजिबात आवडत नाही कारण वर्गात सगळे आरव नि विहान, ह्याला पोरं आजोबा म्हणतात. गाणं शिकतो. क्लासला भातखंड्यांचं क्रमिक पुस्तक सांगितलेलं, आम्ही एका साइटवरून मागवलं तर आलं पलुस्करांच्या स्वरलिपीतलं, दोघंही पंडित विष्णूच ना, पण स्वरलिपीच्या खुणा वेगळ्या त्यामुळे पोराला काही उमगेना, आणि साइटवाले परत घेईनात. मग शेजारच्या काकूंनी हे दुकान सांगितलं.

दुकान कसलं, एक अंधारा गाळा, धूळ भरपूर, ज्यांना त्रास होतो त्यांनी रुमाल न्या. भाचा आत शिरल्या शिरल्या म्हणाला पंडित विष्णूंचं पुस्तक द्या. दुकानातले काका म्हणाले, "नारायण का दिगंबर?" मला इतकं बरं वाटलं ना, कारण साइटवर हेच कोणी विचारलं नव्हतं! विष्णू नारायण म्हणजे भातखंडे, रागांची दहा थाटांत, म्हणजे दहा गटांत, मांडणी केली ते. विष्णू दिगंबर म्हणजे पलुस्कर, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते, आणि नंतर आपल्या नाशकात रामनाम आधार आश्रम काढला, त्यांचा मुलगा डी. व्ही. पलुस्कर तर १९२१ ला नाशकातच जन्मला. हे सगळं काका शिडीवर चढता चढता सांगत होते.

मग त्यांनी भाच्याला नाव विचारलं, ह्याने अगदी हळू सांगितलं. काकांनी लगेच अजून दोन पुस्तकं काढली, ययाति आणि विशाखा. म्हणाले हे वि. स. खांडेकर, हे वि. वा. शिरवाडकर, दोघं विष्णू, दोघांना ज्ञानपीठ, एकाला १९७४ चं, एकाला १९८७ चं. आणि दोघंही जन्माने विष्णू नव्हतेच, खांडेकर मूळचे गणेश आणि शिरवाडकर गजानन, दोघं दत्तक गेले आणि विष्णू झाले. १९४२ मध्ये विशाखा निघालं ते खांडेकरांनी स्वतः पैसे घालून, म्हणजे एका विष्णूने दुसऱ्या विष्णूचं पुस्तक काढलं! मला स्वतःला हे माहीत नव्हतं. शिरवाडकर म्हणजेच कुसुमाग्रज, ते भाच्याला माहितीयत, २७ फेब्रुवारीला शाळेत फोटोला हार असतो, पण त्यांचं नाव आपलंच आहे हे पहिल्यांदा कळलं. गप्पच झाला, आणि विशाखा घेतल्याशिवाय हलेना.

आता बाकीचं. दुपारी एक ते साडेचार बंद असतं, गाडी लावायला शालिमारला जागा नाहीच, रिक्षाने जा. यूपीआय चालतं पण आत रेंज नाही. किमती वाजवी, तीन पुस्तकं ३४० ला, ययातिचं कव्हर सुटलेलं ते काकांनी आधीच दाखवलं आणि वीस रुपये कमी केले. भातखंड्यांचा पहिलाच भाग मिळाला, दुसरा पुढच्या गुरुवारी येईल म्हणालेत, माझा नंबर घेतलाय.

भाच्याने विशाखाच्या पहिल्या पानावर घरी आल्या आल्या नाव टाकलं, आधी वि. आणि मग आडनाव. गुरुवारी मावशी मला घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणतो.