हिवाळ्यात सोडवून बांधलेली जुनी पिकअप: काही महिने वापरल्यावर काय टिकलं, काय नाही

गाडी जुनी डिझेल पिकअप. लॅडर चेसिस (खालचा शिडीसारखा लोखंडी सांगाडा), मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), मागच्या चाकांना ड्रम ब्रेक, पाच गिअर. थंडीचे महिने ती शेडमध्ये स्टँडवर होती. हौदा उतरवला, मागचा अ‍ॅक्सल बाहेर काढला आणि खालचं सगळं काम एकदाच उरकलं. त्यानंतर तिने भरपूर माल ओढला, पावसात भिजली, खडीच्या रस्त्यांवर धावली. आता परत खाली शिरून टॉर्चच्या उजेडात एकेक काम तपासलं, आणि त्यावरून हे लिहितोय.

माझं मत ठाम आहे. जुन्या पिकअपवर वेळ आणि पैसा आधी खाली लावा: चेसिस, ब्रेकचे पाइप, अर्थच्या (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या) वायरी. इंजिन त्यानंतर. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. जुनं डिझेल इंजिन बिघडलं तरी उतरवून दुरुस्त करता येतं. चेसिस हातची गेली की गाडीच गेली.

बाहेरून चेसिस चांगली दिसते यावर अजिबात विसंबू नका. बॉक्स सेक्शनची, म्हणजे पोकळ चौकोनी नळीसारखी चेसिस आतून सडते. मागच्या अ‍ॅक्सलला वर-खाली व्हायला जागा मिळावी म्हणून चेसिसला जिथे कमान दिलेली असते, तिथे चाकाने उडवलेला चिखल आत जाऊन बसतो आणि पाणी निघायची भोकं बुजवून टाकतो. हातोडीने हळूहळू ठोकत मागे गेलो. पुढे आवाज खणखणीत होता, कमानीपाशी तो भद्द झाला. भोकात जाड तार घालून फिरवली तर काळा ओलसर गाळ आणि गंजाचे पापुद्रे पडायला लागले. गाडी कित्येक आठवडे छपराखाली कोरडी उभी होती, तरी आतला गाळ ओला. कारण मीठ. आधीच्या मालकाकडे ती बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा रस्त्यांवर चालली होती. त्यासाठी वापरतात त्या मिठांपैकी कॅल्शियम क्लोराइड हवेतलाच ओलावा ओढून घेतं, त्यामुळे लोखंड सुकतच नाही.

त्यात गंजण्याची क्रिया उबेत जोर धरते. मिठाने माखलेली गाडी गोठवणाऱ्या थंडीत बाहेर उभी असताना जितकी गंजते, त्यापेक्षा उबदार शेडमध्ये ओली उभी असताना जास्त गंजते. म्हणून आत घेण्याआधी तिला खालून नीट धुवा, चेसिसच्या भोकांतून पाइप घालून आतूनही धुवा, आणि निथळून पूर्ण सुकल्यावरच काम सुरू करा. मी बाहेर पडणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहिलो, आणि त्याचा मोबदला पुढच्या प्रत्येक कामात मिळाला.

सडलेला भाग कापून चेसिसच्याच जाडीचा पत्रा लावून घेतला. वेल्डिंग अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. बॉडीचा पातळ पत्रा चेसिसवर डकवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. पॅचच्या कडा उभ्या सरळ न ठेवता तिरप्या कापल्या, कारण चेसिसला सरळ आडवी छेदणारी वेल्डिंगची रेघ हीच पुढे तडा जायची जागा ठरते. वेल्डिंगआधी डिझेलची टाकी उतरवली, बॅटरीच्या वायरी आणि अल्टरनेटरचा जोड सोडला. पाणी निघायची भोकं पॅचमध्येही ठेवली. आता इतका माल ओढून झाल्यावर पॅचची चारही टोकं वायर ब्रशने घासून भिंगाखाली पाहिली. कुठेही तडा नाही, रंगावर केसाएवढी रेघही नाही. या कामाने मला सगळ्यात जास्त समाधान दिलं.

आता गंजावरच्या औषधांबद्दल, कारण याबाबत अपेक्षा फार वाढवून ठेवल्या जातात. रस्ट कन्व्हर्टरमध्ये टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. ते गंजाशी संयोग पावून त्याचं स्थिर थरात रूपांतर करतं, टॅनिकवालं असेल तर थर काळा-निळा होतो. पण हे फक्त पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर चालतं. जिथे मी वायर ब्रश आणि खरवडणीने सुटा गंज पूर्ण काढला होता, तिथला थर अजून जसाच्या तसा आहे. एका क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) वरच्या बाजूला हात नीट पोचत नव्हता, ब्रश जेमतेम फिरला होता. तिथे फोड आले आणि नखाने उचलल्यावर खालून तांबडी भुकटी निघाली. औषध तेच, डबा तोच, फरक फक्त घासण्याचा.

थंडीत रंगकाम करताना आणखी एक गोष्ट आड येते. लोखंडाची मोठी चेसिस हवेपेक्षा उशिरा तापते. शेडमधली हवा उबदार लागली तरी लोखंड थंडच असतं आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं. रंगकाम करणाऱ्यांचा नियम असा की लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त हवं. बहुतेक इपॉक्सी प्रायमर १० अंश सेल्सिअसच्या खाली नीट पिकत नाहीत, वरून सुकल्यासारखे वाटतात आणि आत मऊ राहतात. गॅसवर किंवा रॉकेलवर जळणारा हीटर लावला तर ज्वलनातून पाण्याची वाफ निघते आणि ओलावा उलट वाढतो. शिवाय बंद शेडमध्ये असा हीटर किंवा इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, यात कसलीही सूट नाही. मी विजेचा हीटर वापरला, चेसिसला आधी बराच वेळ ऊब दिली, मग हात लावला. प्रायमर अजून घट्ट आहे.

प्रायमरवर बाहेरून लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या चिकट मेणाचा) लेप दिला आणि चेसिसच्या आत लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं मेण मारलं. लॅनोलिन कधी कडक होत नाही, थोडं सरकून ओरखडा भरून काढतं, त्यामुळे त्याखाली पाणी अडकत नाही. आधीच्या मालकाने मारलेल्या जाड डांबरी थराला तडे गेले होते, त्यातून पाणी आत शिरून थराच्या मागे वर्षानुवर्षं साचत होतं, आणि वरून सगळं काळंभोर चांगलं दिसत होतं. असा थर असलेली गाडी घेतली तर आधी तो खरवडून बघा. लॅनोलिनची अडचण म्हणजे चाकांच्या मागे खडीच्या माऱ्याने ते उडून जातं. माझ्याकडे चाकांमागे लोखंड उघडं पडायला लागलंय, बाकी ठिकाणी बोट फिरवलं तर अजून चिकट लागतं. दरवर्षी तेवढ्या जागी हात मारावा लागणार, हे धरूनच चाला. रबरी बुश आणि ब्रेकवर हा लेप जाऊ देऊ नका.

बोल्ट सोडवायला वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. गंज सोडवणारं तेल रोज थोडं थोडं घालत राहणं, नट तापवून थंड होऊ देणं, मग पाना लावून आधी किंचित घट्ट करून मग सैल करणं. हिवाळ्यात घाई नसते याचा खरा फायदा इथेच होतो. पाट्यांचे यू-बोल्ट मात्र एकदा काढले की नवेच घालायचे, कारण ते आवळताना ताणलेले असतात. काही दिवस गाडी चालवल्यावर ते परत टॉर्क पान्याने तपासायचे. माझे दोन यू-बोल्ट तेव्हा थोडे फिरले, त्यानंतर पक्के आहेत.

ब्रेकमध्ये एका भागाकडे फार कमी लोक बघतात: लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चेसिस आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यात एक दांडी असते. हौदा भरला की गाडी मागून दबते, दांडी फिरते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. रिकाम्या गाडीत दाब कमी राहतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. माझ्या गाडीत ही दांडी गंजून रिकाम्या स्थितीतच अडकली होती, म्हणजे भरलेली गाडी जवळजवळ पुढच्याच ब्रेकवर थांबत होती. व्हॉल्व्ह बदलला. पाट्यांमध्ये नवीन पान घातल्यावर गाडी मागून उंच झाली, त्यामुळे दांडीची लांबीही नव्याने जुळवावी लागली. ती न जुळवता सोडली तर नवा व्हॉल्व्हसुद्धा गाडी कायम रिकामीच समजतो. आता उतारावर भरल्या गाडीने ब्रेक मारताना पुढून नाक दाबल्यासारखं होत नाही, चारही चाकं मिळून थांबवतात.

ब्रेकचे लोखंडी पाइप काढून तांबं-निकेलचे घातले. ते वाकवायला सोपे आहेत आणि लोखंडासारखे गंजत नाहीत. थोडे काळवंडलेत, त्यापलीकडे काही नाही. ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि म्हणून डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ठरलेल्या मानकाप्रमाणे ताजेपणी किमान २०५ अंश असला तरी ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर पेडल अचानक मऊ पडण्यामागे हेही एक कारण असतं.

आणखी एक छोटी वस्तू: मागच्या अ‍ॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं झाकण. बोटाच्या पेरापेक्षा लहान टोपी. डिफरन्शिअल (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरसंच) तापलं की आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती हवा ऑइल सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल थेट ब्रेक लायनरवर नेते. उजव्या ड्रममध्ये लायनर तेलाने भिजलेला होता आणि ब्रीदरची टोपी बोटाने हलतसुद्धा नव्हती. सील आणि लायनर बदलले, ब्रीदर साफ करून त्याला नळी जोडली आणि नळीचं तोंड उंचावर नेलं. परवा ड्रम उघडला तर आत फक्त कोरडी धूळ. ब्रीदरकडे न बघता नुसतं सील बदलत बसलात तर ते पुन्हा पुन्हा गळत राहील.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं तेल बदललं. तेल सोडण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय ना ते बघून घ्या. डिफरन्शिअलमध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल आणि या गिअरबॉक्समध्ये जीएल-४, कारण जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगना (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) त्रास देऊ शकतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला. थंड गाडीत दुसरा गिअर पूर्वी अडायचा, आता अलगद पडतो.

विजेचं काम कमी खर्चात सगळ्यात मोठा फरक देऊन गेलं. थंडीत सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) कण्हत फिरायचा आणि सगळे बॅटरीला दोष द्यायचे. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावलं तर १ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं. हे साधारण ०.२ ते ०.३ च्या आत हवं. म्हणजे बॅटरी बरी होती, अर्थचा पट्टा आतून सडला होता. इंजिन, चेसिस आणि कॅबिन या तिन्हींच्या अर्थ नव्या केल्या, बसायची जागा चकाकेपर्यंत घासली, जोडल्यावर वरून ग्रीस लावलं. तेव्हापासून सेल्फ जोरात फिरतो, हेडलाइट उजळ झाले, इंडिकेटरसोबत डिझेलचा काटा हलायचा तोही थांबला.

गाडी उभी असताना बॅटरी चार्ज ठेवणं फार गरजेचं आहे. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या जवळ आली तर ती जवळजवळ रिकामी समजा. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल इतकं पातळ होतं की उणे १० च्या आसपासही ते गोठून पेटी फुटू शकते. भरलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही. मी चार्ज टिकवणारा छोटा चार्जर लावून ठेवला होता आणि बॅटरी अजून पहिल्यासारखीच धरते.

इंजिनला फारसं काही लागलं नाही. टॅपेट सेटिंग (इंजिनच्या व्हॉल्व्हमधली फट जुळवणं), फिल्टर, बेल्ट, होज पाइप. हीटर प्लगपैकी (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणाऱ्या प्लगपैकी) एक मेलेला निघाला, तो बदलल्यावर सकाळचा पांढरा धूर गेला. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० ऐवजी ५डब्ल्यू-४० घातलं (डब्ल्यूच्या आधीचा आकडा लहान, म्हणजे थंडीत तेल पातळ). १५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत इंजिन फिरवणं सोपं जातं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवलं, ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. नुसतं कूलंट ओतलं तर जास्त संरक्षण मिळेल असं वाटतं, पण कूलंटमधला मुख्य घटक, शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. डिझेलची टाकी उभी करण्याआधी काठोकाठ भरली, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरून पाणी जमत नाही. तरीही फिल्टरच्या खालचा नळ उघडून पाणी काढायची सवय ठेवलीय.

निराशा झाली ती रबरी सामानाने. पाट्यांच्या टोकाच्या जोडात बसणारे स्वस्तातले शॅकल बुश घातले होते, ते एवढ्यातच चिरले आणि खड्ड्यात मागून टकटक यायला लागली. ते काढून मूळ दर्जाचे घातले. दारांचं नवं रबर जाड निघालं, दार आपटून लावावं लागतं. अजून बसतंय का बघतोय, नाही बसलं तर बदलणार.

सध्याचा दिनक्रम असा: चिखलातून आली की खालून धुणं, चेसिसच्या भोकांत तार फिरवणं, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस मारणं. येत्या थंडीत कॅबिनचे माउंट काढायचेत. मागच्या दोन माउंटच्या कपात गंज दिसतोय आणि कॅबिन उचलल्याशिवाय तिथे ब्रश पोचणार नाही. क्रॉस मेंबरवरचा तो फोड आलेला भागही तेव्हाच वरून पूर्ण घासून घेणार आहे.