८३.२चा डेन्सिटी कप, प्रिन्सेस स्ट्रीटवरून घेतलेला. आठ महिने वापरून लिहितेय

साकीनाक्याला आमचं छोटं पेंट-कोटिंगचं युनिट आहे, तिथली क्वालिटीची लॅब मी बघते, आणि हा कप (ठरलेल्या मापाचा, त्यात माल भरून वजन केलं की डेन्सिटी, म्हणजे घनता, कळते) मी स्वतः जाऊन निवडून आणला म्हणून त्याच्याबद्दल नीट लिहायचंय.

आधी तो घ्यावा का लागला ते सांगते. आमचा एक प्रायमर अमेरिकेला जातो. इथे आम्ही डेन्सिटी ग्रॅम पर सीसीमध्ये मोजतो, १.३२ येते, पण तिकडच्या गिऱ्हाइकाला टीडीएसवर, म्हणजे मालाच्या तांत्रिक माहितीपत्रकावर, पौंड पर गॅलन लागतं. तर मी फोनवरच्या एका फुकट कन्व्हर्टर अॅपमध्ये १.३२ टाकलं, १३.२३ आलं, छापलं, बॅच गेली. पंधरा दिवसांनी रात्री अकराला मेल, की पाच गॅलनच्या बादलीत तुमच्या हिशोबाने ६६ पौंड माल हवा आणि आमच्या काट्यावर ५५ भरतोय, बाकीचा माल कुठे गेला? माल पूर्ण होता हो, एक थेंब कमी नव्हता. अॅपने गॅलन धरला इंग्लंडचा, ४.५४६ लिटरचा, आणि त्यांची बादली अमेरिकेच्या गॅलनची, ३.७८५ लिटरचा एक. खरा आकडा ११.०२ होता. अॅपमध्ये नुसतं 'पौंड/गॅलन' लिहिलेलं, कुठला गॅलन ते कुठेच नाही! वीस टक्क्यांचा फरक पडतो आणि आपल्यावर माल मारल्याचा संशय येतो, हे मला फार लागलं.

दुसऱ्याच शनिवारी मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. लॅबचं सामान घ्यायचं तर आम्ही तिकडेच जातो. दुकान अगदी अरुंद, काउंटरमागे छतापर्यंत बीकर आणि फ्लास्कची खोकी. डेन्सिटी कप म्हटल्यावर काउंटरवरच्या काकांचा पहिला प्रश्न, "ताई, गॅलन कुठला पायजे, अमेरिकेचा का इंग्लंडचा?" मला तिथेच बरं वाटलं. जो प्रश्न अॅपने विचारायला हवा होता तो या माणसाने वर न बघता विचारला.

त्यांनी दोन कप पुढ्यात ठेवले, दोन्ही स्टेनलेस स्टीलचे, झाकणाला मधोमध बारीक भोक. मोठा १०० मिलीचा. त्यातल्या मालाचं वजन शंभराने भागलं की ग्रॅम पर सीसी, आणि दहाने भागलं की इंग्लंडच्या गॅलनचा आकडा जवळपास मिळतो, कारण तो गॅलन मुळात १० पौंड पाण्यावरूनच ठरवलेला, १८२४ च्या कायद्यात. लहान कप अमेरिकेचा. २५ डिग्रीला एक अमेरिकन गॅलन पाणी भरतं ८.३२ पौंड, आणि या कपात तेच पाणी भरतं ८३.२ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला दहाने भागा, पौंड पर गॅलन हातात. अॅप नको, कॅल्क्युलेटर नको. आमचा प्रायमर भरला, ११०.२ ग्रॅम, म्हणजे ११.०२. पहिल्यांदा काट्यावर तो आकडा बघितला तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं.

वापरायला सोपा आहे पण हात बसायला लागतो. काठोकाठ भरायचा, झाकण हळूच सरळ दाबायचं, भोकातून जास्तीचा माल वर येतो तो पुसायचा, बाहेरून कप कोरडा करायचा आणि मगच काट्यावर. भोकावर एक थेंब राहिला तरी दुसरा दशांश हलतो. डिस्पर्सरमधून (पेंट घुसळायच्या मशीनमधून) नुकताच काढलेला माल भरू नका, हवेचे बुडबुडे असतात आणि डेन्सिटी खोटी कमी दिसते, मी अर्धा तास ठेवते. आणि टेम्परेचर! मे महिन्यात आमच्या लॅबचा एसी बंद पडला होता, आत ३४ डिग्री, त्या दिवशी सगळ्या बॅचेस हलक्या दिसायला लागल्या, मुलं घाबरली, माल बिघडला म्हणाली. माल गरम होऊन फुगला होता, बस. कप आणि माल दोन्ही २५ ला आणल्यावर आकडे जागेवर.

माझ्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना एअर कॅनडाच्या विमानाचं सांगते. जुलै १९८३, बोईंग ७६७, निघायला २२,३०० किलो इंधन हवं होतं. लिटरवरून वजन काढताना किलोचा ०.८० घ्यायच्या ऐवजी पौंडाचा १.७७ घेतला गेला, म्हणजे भरलं निम्म्याहून कमी, आणि दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. पायलटनी ते तरंगत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले. आकडे बरोबर होते, गुणाकार बरोबर होता, फक्त एकक चुकलं. म्हणून आमच्या रजिस्टरमध्ये आता नुसतं 'गॅलन' लिहायला मी मनाई केलीय, 'यूएस गॅलन' पूर्ण लिहायचं. भिंतीवर पण कागद लावलाय: ग्रॅम पर सीसीला ८.३४५ ने गुणलं की यूएस गॅलन, १०.०२२ ने गुणलं की इंग्लंडचा, ६२.४३ ने गुणलं की घनफूट, तिन्ही पौंडात. कप कधी दगा देतोय का ते याने पडताळता येतं.

आता तक्रार. कपाच्या रिकाम्या वजनाएवढं जोडीचं वजन सोबत मिळालं नाही, डिजिटल काट्यावर टेअर करून (रिकामा कप ठेवून काटा शून्यावर आणून) भागतं म्हणून मी सोडून दिलं, पण जुना तराजू वापरणाऱ्यांनी आधी विचारा. दुसरं, झाकणाच्या आतल्या कडेला इपॉक्सी अडकून वाळलं की निघता निघत नाही, लगेच थिनरने धुवा, तारेच्या काथ्याने घासू नका, घासून स्टील झिजलं की मापच बदललं. झाकणावर आणि कपावर एकच नंबर कोरलेला असतो, दोन कप असतील तर झाकणं अदलाबदल होऊ देऊ नका.

पाचातले साडेचार स्टार. घेताना तिथेच काकांना पाणी भरून वजन करून दाखवायला सांगा, ते दाखवतात, आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.