ग्रिलमागचा ऑइल कूलर, आठ महिन्यांनंतर: रात्री ऑइल खाली उतरणं कशाने थांबलं

गाडी मारुती जिप्सी, इंजिन जी १३ बीबी. इंजिन आणि ऑइल फिल्टरच्या मध्ये थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (ऑइल गरम झालं की ते कूलरकडे वळवणारी चकती; थ्रेड एम २० × १.५), ग्रिलमागे १३ पट्ट्यांचा कूलर, मध्ये आतून १४ मिमीचे दोन होस. घाटात ऑइल थंड राहतं, त्यात खोट नाही. त्रास सकाळच्या पहिल्या स्टार्टचा: ऑइल प्रेशरची लाल लाइट पाच-सहा सेकंद विझायची नाही आणि तेवढा वेळ वरून कोरडा खडखडाट.

कूलर चेंबरपेक्षा (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उंच असतो. इंजिन बंद झालं की पंपाच्या फटींतून ऑइल चेंबरात उतरतं, त्याच्या जागी हवा शिरते. सकाळी पंप आधी ती पोकळी भरतो, मग बेअरिंगला प्रेशर मिळतं. मीटरभर होसमध्येच १५० मिली मावतं, कूलरचं वेगळं.

खात्री डिपस्टिकवर होते. सपाटीवर गाडी बंद करून दहा मिनिटांनी पातळी बघा, न हलवता सकाळी पुन्हा बघा. दोन-तीन मिमी हेडमधून निथळलेलं असतं. बोटभर चढली तर कूलर रिकामा होतोय.

कूलरची तोंडं खाली होती. उलटा करून वर घेतली. निम्म्याहून जास्त फरक तिथेच पडला, कारण पट्ट्यांतलं ऑइल जागेवर राहतं आणि भरताना हवा वरून निघून जाते. मग फिल्टर. त्याच्या भोकांवरची रबरी चकती गॅलरीकडून (बेअरिंगला ऑइल नेणाऱ्या वाटा) येणारी हवा अडवते. जुन्या फिल्टरची काळी चकती दाबली तर वाकायच्या ऐवजी कडेला चिरली. सिलिकॉन चकतीचा फिल्टर थोडा महाग, पण उष्णतेने लवकर ताठरत नाही. आता लाइट दीड-दोन सेकंदांत जाते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घाई नको. लावायचाच तर पंपाकडून कूलरला जाणाऱ्या होसवर, प्लेटजवळ, बाण कूलरकडे, भोक १४ मिमीपेक्षा लहान नाही, स्प्रिंग अगदी हलकी. कचऱ्याने अडकला तर गरम इंजिनाचा ऑइल पुरवठाच तुटतो.

तोंडं वर असल्याचा एक तोटा आहे: ऑइल बदलताना कूलरमधलं जुनं आतच राहतं. म्हणून ठरलेलं माप एकदम ओतू नका. थोडं कमी भरा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइल आणि इंजेक्टरची कनेक्शन काढून लाइट विझेपर्यंत दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, इंजिन गरम करून बंद करा आणि दहा मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं घाला.