विषारी जमीन झाकायची की उपसायची? डुइसबुर्ग आणि डॉर्टमुंडचे दोन मार्ग

कारखाना बंद पडतो, कामगार पांगतात, दुकानांना टाळी लागतात आणि गावाच्या मधोमध शेकडो एकर जमीन ओस पडते. तिच्या पोटात डांबर, शिसं, भट्टीची राख. अशा जागेचं काय करायचं हे ठरवण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, मग ते नगरसेवक असोत, जमीनमालक असोत की शेजारचे रहिवासी, त्यांनी जर्मनीच्या रुर खोऱ्यातल्या या दोन जागा जरूर अभ्यासाव्यात. दोन्ही शहरं पोलादावर वाढली आणि दोन्ही जागांना एम्शर नदीचा शेजार आहे. दोन्हीकडे सरकारी पैसाही ओतला गेला. तरीही उत्तरं अगदी उलटी निघाली.

डुइसबुर्गच्या माइडेरिश भागातला थिसेनचा लोखंड कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. पुढे उद्यानं आणि मोकळ्या जागा आखणारे भूदृश्यरचनाकार पीटर लाट्झ यांच्या आराखड्यानुसार तिथे उद्यान झालं आणि १९९४ मध्ये ते लोकांना खुलं झालं. क्षेत्र सुमारे १८० हेक्टर, म्हणजे साडेचारशे एकरांच्या आसपास. लाट्झ यांनी सगळी घाण उपसून दुसऱ्याच्या दारात टाकली नाही. जे विष जागेवरच बंदिस्त राहू शकतं ते तिथेच ठेवायचं, माणसाचा त्याच्याशी संबंध तोडायचा, आणि जिथे धोका जास्त तिथेच हात घालायचा, असं त्यांचं धोरण होतं. सर्वांत दूषित असलेला सिंटर विभाग, म्हणजे भट्टीत घालण्याआधी लोखंडाचं बारीक खनिज भाजून त्याचे गोळे करण्याची जागा, पाडला. खनिज साठवण्यासाठी बांधलेल्या जाड काँक्रीटच्या कोठारांपैकी काहींत विषारी माती भरून ती वरून बंद केली. त्याच रांगेतल्या इतर कोठारांत आज बागा आहेत आणि काहींच्या भिंतींवर गिर्यारोहक सराव करतात. गॅसच्या टाकीत सुमारे २१,००० घनमीटर पाणी भरून पाण्यात बुडी मारण्याचा सराव करणाऱ्यांसाठी तलाव केला. जुन्या एम्शरच्या पात्रातलं सांडपाणी जमिनीखालच्या नळात घातलं आणि वरून पावसाचं पाणी वाहतं केलं. पाणी खालच्या दूषित थरात मुरू नये म्हणून त्या पात्राला अस्तर दिलं. मला या प्रकल्पातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण विष पसरतं ते बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेने.

डॉर्टमुंडमधल्या ह्योर्ड भागातली फिनिक्स-ओस्टची गोष्ट वेगळी. १८४१ पासूनचा हा पोलाद कारखाना २००१ मध्ये थांबला. चिनी कंपनीने यंत्रसामग्री विकत घेतली, तिचे कामगार आले, सुटे भाग करून सगळं चीनला घेऊन गेले. मग रिकाम्या जागेत सुमारे २४ हेक्टरचा तलाव खोदला. १ ऑक्टोबर २०१० ला त्यात पाणी सोडायला सुरुवात झाली आणि मे २०११ मध्ये काठ लोकांसाठी उघडला. अक्षरशः लाखो घनमीटर माती हलवावी लागली. काठावर घरं, कार्यालयं, उपाहारगृहं उभी राहिली.

यातलं काय निवडायचं, हे ठरवण्याआधी मातीची तपासणी कशी होते ते समजून घ्यायला हवं. जर्मनीच्या १९९९ च्या नियमांत शिशासाठी जी मर्यादा ठरवली ती जागेच्या वापरानुसार बदलते. एक किलो मातीत मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी २०० मिलिग्रॅम, निवासी भागासाठी ४००, उद्यानासाठी १,०००, उद्योगासाठी २,०००. ही मर्यादा ओलांडली म्हणजे लगेच माती उपसा असं नव्हे, तर आणखी खोल तपास करा. म्हणजे ७०० मिलिग्रॅम शिसं असलेला तोच तुकडा उद्यानासाठी चालून जाईल, पण घरांसाठी प्रश्न उभा करील. म्हणून ‘जमीन किती साफ करायची’ या प्रश्नाला ‘तिथे कोण राहणार, कोण खेळणार’ हे ठरल्याशिवाय उत्तर नसतं. तपासणीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम म्हणजे जुने नकाशे काढणं आणि निवृत्त कामगारांशी बोलणं. डांबराची टाकी कुठे होती, कोणत्या खड्ड्यात मळी टाकत, हे त्यांना ठाऊक असतं. बोअर तिथेच घ्या. आपल्याकडे भूजलाचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्यायलाच हवेत.

आता पैशाचं. उपसण्याचा खर्च शेवटी जमिनीच्या दरातून निघतो. डॉर्टमुंडमध्ये तलावाकाठच्या घरांना गिऱ्हाईक होतं आणि महापालिकेच्या मालकीच्या कंपनीने जोखीम उचलली. पण ह्योर्ड हा गरीब कामगारांचा भाग. काठावर महागडी घरं आल्यावर भाडी वाढण्याची धास्ती तिथल्यांना वाटली, आणि ती रास्त होती. डुइसबुर्गचं उद्यान मात्र सर्वांसाठी फुकट आहे. त्याची किंमत वेगळ्या मार्गाने मोजावी लागते: गंजणाऱ्या झोतभट्ट्यांची देखभाल आणि झाकलेल्या विषावरची देखरेख, दोन्ही कायमची. गेलेल्या नोकऱ्याही उद्यानाने परत आणल्या नाहीत.

मुंबईच्या गिरण्यांचा दाखला इथे फारसा उपयोगी नाही. गिरणगावात जमिनीला सोन्याचा भाव होता. भांडण वाटणीचं होतं, १९९१ च्या नियमाने मोकळ्या जागा, सार्वजनिक घरं आणि मालक यांना दिलेल्या एकेक तृतीयांश हिश्श्याचं आणि लोकांचा वाटा घटवणाऱ्या २००१ च्या बदलाचं. घटत्या शहरात वाटायला काहीच नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जमिनीचा दर साफसफाईच्या खर्चाला पुरत नसेल तर डुइसबुर्गची वाट धरा. विष जागेवरच झाका, जागा बांधकामाविना मोकळी ठेवा, आणि जिथे खरोखर घर किंवा शाळा हवी तेवढाच तुकडा उपसा. डॉर्टमुंडची वाट तेव्हाच घ्या, जेव्हा सरकारी कंपनी तोटा सोसायला तयार असेल आणि मूळ रहिवाशांसाठी परवडणारी घरं करारात लिहिलेली असतील.

भारतात २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आले. त्यात प्रदूषण करणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. तेव्हा जमीन ताब्यात घेण्याआधी जुन्या मालकाकडून ती जबाबदारी लेखी घ्या. निरीक्षण विहिरींचे अहवाल दरवर्षी कोण काढणार, ते ग्रामसभेत किंवा महापालिकेत कोण वाचून दाखवणार आणि तीस वर्षांनी त्याचा खर्च कोण भरणार, ही तीनही नावं करारात आल्याशिवाय सही करू नका.